गिरणीतली दूर्वा

आमच्या घरच्या गणपतीला विकतची दूर्वा चालत नाही. दादरच्या फुलबाजारात ढिगाने मिळते, निवडलेली, जुड्या बांधलेली. पण नाही. माझे सासरे, अण्णा, लालबागच्या ज्या गिरणीत सव्वीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते तिच्या आवारातलीच दूर्वा लागते. गिरणी बंद पडून जमाना झाला. यंत्रं भंगारात गेली, छप्पर गेलं, जागेचं कोर्टात काय ते चाललंय, आणि आत गुडघाभर गवत नि उंदरांचं राज्य. अण्णांच्या लेखी ती अजून गिरणीच.

दरवर्षी हरतालिकेच्या सकाळी ते स्वतः जायचे. यंदा गुडघा धरला, तेव्हा मला म्हणाले, "अंबिका, यंदा तू काढ. मी बसान दाखयतंय."

जायचं ते न्हाऊन, सोवळ्यात. सोवळं म्हणजे सासूबाईंचं हिरवं सुती लुगडं. त्या गेल्या आणि लुगडं माझ्या गळ्यात आलं. ते नेसून दूर्वा काढायची, तेच रोज सकाळी नेसून नैवेद्य रांधायचा, मधल्या वेळात उंच दोरीवर टाकायचं, कुणी शिवायचं नाही, आणि विसर्जन होईपर्यंत त्याला पाणी लावायचं नाही. दूर्वा काढून आल्यावर परत अंघोळही नाही. देवाच्या कामाला गेलेली बाई काय विटाळून येते? मी गिरगावातली, आमच्याकडे हे असलं काही नव्हतं. पण सणासुदीला वाद नको म्हणून गप्प बसायचं, हे मात्र आमच्याकडेही शिकवलं होतं.

वॉचमनने अण्णांना सलाम ठोकला आणि फाटक किलकिलं केलं. आत शिरले तोच वास आला. कुजलेल्या पाल्याचा, मेलेल्या उंदराचा, आणि बाहेरून लोक भिंतीवर करतात त्याचा. अण्णा सोवळ्याच्या पंच्यावर होते. गवतातल्या एका दगडावर त्यांनी बैठक मारली. मी कासोटा आवळला आणि उकिडवी बसले.

"थय नको. हय बघ. कवळी हय आसा."

एका जुडीत एकवीस दूर्वा, अशा एकवीस जुड्या, आणि पाच दिवस पुरायला हव्यात. दोन तास मी त्या गवतात सरकत होते. मांड्या भरून आल्या, चिखल पोटऱ्यांवर सुकला. एकदा हात घातला तर खाली मऊ लागलं. बघते तर उंदीर, फुगलेला, पोटाशी अळ्यांची वळवळ. मी उभीच राहिले.

"काय झाला?"

"उंदीर आहे."

"मेलेलो मां? मगे तो काय करतलो? बाजूची काढ."

बाजूची काढली. हात लुगड्याला पुसता येईना, सोवळं ना, म्हणून गवतालाच पुसले. अण्णा आपले सांगत होते, इथे सूतखातं होतं, तिथे भोंगा होता, त्या देवळापाशी दसऱ्याला पेढे वाटायचे. एवढं बोलताना मी त्यांना घरात कधी बघितलं नाही. घरी आलो, जुड्या बांधून ओल्या फडक्यात ठेवल्या, लुगडं दोरीवर गेलं. अंगावर पाणी नाही.

संध्याकाळी खाज सुटली. आधी कमरेला, जिथे लुगड्याची गाठ बसते तिथे. मग गुडघ्यांच्या मागे. मग जिथे बाईमाणसाने चारचौघांत हात नेऊ नये तिथे. सकाळी बघते तर लाल पुळ्या, मोहरीएवढ्या, कमरेभोवती ओळीने बसलेल्या. डास चावला की दोन मिनिटं खाजतं आणि विसरतो आपण. हे तसं नव्हतं. हे खाजवलं की बरं वाटायचं, इतकं बरं की डोळे मिटावेत, आणि हात काढला की दुपटीने पेटायचं. नखात रक्त आणि कातडं. माझीच मला किळस आली. सुरी बघितली की वाटायचं, तेवढा पट्टा सोलून काढावा आणि मोरीत टाकून द्यावा.

चतुर्थीला पहाटे न्हायले, तेच लुगडं नेसले, आणि वाफेत बसून मोदक वळले. वळताना हात खाजवायला जाता कामा नये, म्हणून ओट्याच्या कडेला कंबर घासत होते. शेजारच्या आनंदीबाई मदतीला आल्या होत्या. त्या चाळीतल्या सगळ्यात जुन्या, आणि सगळ्यात मोठ्या डॉक्टर. त्यांनी ते घासणं बघितलं आणि मला कोपऱ्यात नेऊन पदर बाजूला केला.

"अगो बाई, नागीण ही. कंबरेला विळखा घालतेय बघ. तोंड शेपटीला मिळालं की माणूस संपला."

"नागीण अशी खाजते?"

"तुला जास्त कळतं की मला? दूर्वा आणि तांदूळ एकत्र वाट आणि लेप दे. घरात आहेच की ताजी."

दिला लेप. त्याच दूर्वांचा, त्याच गवतातल्या. आता आठवलं की अंगावर काटा येतो. लेप वाळून खडखडीत झाला, खाली पुळ्या होत्या तशाच, आणि दुसऱ्या दिवशी लुगडं सोडल्यावर बघितलं तर आणखी दहा-बारा नवीन, पोटऱ्यांवर उतरलेल्या. आनंदीबाईंनी लगेच निदान बदललं. "मग खरूजच." आणि हे काही त्यांनी माझ्या कानात सांगितलं नाही.

नागीण म्हटलं की लोक हळहळतात. खरूज म्हटलं की एक पाऊल मागे सरतात. माझा नवरा स्वप्नील, कुरिअरच्या ऑफिसात आहे, स्वभावाने वाईट नाही, पण त्याने चटई उचलली आणि गॅलरीत जाऊन झोपला. आत उकडतं म्हणाला. भाद्रपदात गॅलरीत डास फोडून काढतात, तरी त्याला आत उकडत होतं.

सकाळी चहा गाळला तर माझा पेला फळीवर नाही.

"तुजो पेलो खिडकीत ठेवलंय," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता, पेपरात तोंड घालून. "घरात देव बसलो आसा. तो वेगळोच ऱ्हवांदे."

खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे आम्ही फरशी पुसायचं फडकं वाळत घालतो, तिथे माझा स्टीलचा पेला उपडा घातला होता. लग्नातला, माझं नाव घातलेला. मी उचलला, त्यात चहा ओतला आणि उभ्यानेच प्यायले. स्वप्नील बशीतल्या चहाकडे बघत राहिला. मग मी सगळ्यांचे कपडे धुतले. अण्णांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीला नाडीपाशी गुलाबी डाग होते. दर गणपतीला असतात. गुलालाचे असतील म्हणून चौदा वर्षं घासत आलेय.

त्या दिवशी दादरला कामावर जायचं होतं. मी बाळांना न्हाऊ-माखू घालते. तान्ह्या मुलाला तेल लावायचं, अंग रगडायचं, पाय लांब सोडून त्यावर घ्यायचं आणि न्हाऊ घालायचं. हे हात पंधरा वर्षांत साठ-सत्तर पोरांवरून फिरलेत. हे काम असं आहे की एका घरातून दुसऱ्या घरात फक्त तुमचं नाव जातं. एकीने म्हटलं चांगली आहे, की पुढची बोलावते. एकीने नाक मुरडलं, की फोन बंद.

मृणालिनी मॅडमचा नील तीन महिन्यांचा. मला बघितलं की तोंडाचं बोळकं पसरून हसायचा. मी न्हाणीघरात पाटावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि त्याला पायांवर पालथा घातला. मॅडम टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या.

"अंबिकाताई, हे तुमच्या पायांना काय झालंय?"

"काहीतरी चावलंय हो."

"इतकं?" त्या खाली वाकल्या आणि मग एकदम त्यांनी टॉवेलसकट बाळ माझ्या पायांवरून उचललं. अंगभर तेल, बाळ निसटता निसटता राहिलं. त्याच्या मानेवर घामोळं होतं, चार-पाच लाल टिपके. आठवडाभर होतं, आम्ही दोघींनीच त्यावर पावडर लावली होती. आज मात्र त्या ते टिपके बघत राहिल्या, मग माझे पाय, मग परत टिपके.

"घामोळं आहे ते, मॅडम. तुम्हाला माहितेय."

"हो, असेल. पण तुम्ही आता… थोडे दिवस येऊ नका. मी फोन करेन."

मी साबणाने हात धुतले. बाहेर येईपर्यंत मॅडमनी मी बसले होते तो पाट गॅलरीत उन्हात टाकला होता. त्यावर फिनेल ओतलं होतं. वास जिन्यापर्यंत आला.

घरी आले तर आरतीला माणसं जमलेली. प्रसादाला मोदक दिले, सगळ्यांनी हात पुढे केले, कपाळाला लावले, आणि बाहेर गेले. तोंडात कुणी घातला नाही. मी नंतर कचरा टाकायला उतरले तर जिन्याखालच्या गटाराच्या जाळीवर माझे मोदक पडलेले. पाकळ्या तशाच होत्या, एकवीस पाकळ्यांचे वळते मी. एक घूस त्यातलं सारण ओढत होती. मला ओकारी आली आणि मी तिथेच ओकले. लोकांच्या तोंडचा मोदक घुशीच्या तोंडात गेला आणि घाणेरडी कोण, तर मी.

वर आल्यावर स्वप्नीलला म्हटलं, "उद्या सकाळी मी डॉक्टरकडे जातेय. नैवेद्य तुम्ही बघा."

अण्णा म्हणाले, "सणाचा खय जातंस? जाता आपोआप. चार दिवस गप बस."

आपोआप जाईल, हे त्यांना कसं माहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

पालिकेच्या दवाखान्यात तरुण बाईडॉक्टर होती, माझ्या भाचीच्या वयाची. मी आधीच सांगून टाकलं, "मला खरूज झालीय म्हणतात."

"कोण म्हणतात? बोटं पसरा." तिने टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटं बघितली. "खरूज बहुतेक इथून सुरू होते. तुमचे हात स्वच्छ आहेत."

तुमचे हात स्वच्छ आहेत. मला तिथे स्टुलावर रडू फुटलं. ती थांबली, मग पडद्याआड नेऊन कंबर बघितली, गुडघ्यांच्या मागे बघितलं.

"नागीण पण म्हणत होत्या," मी म्हटलं.

"नागीण अंगाच्या एकाच बाजूला येते आणि ठणकते. ही दोन्हीकडे आहे, आणि जिथे कपडा आवळतो नेमकी तिथेच. गवतात गेला होतात?"

"देवाची दूर्वा काढायला. गिरणीत."

"उंदीर आहेत तिथे?"

मी हसलेच. तिने सांगितलं, की गवतात एक तांबडा किडा असतो, चिगर म्हणतात, इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. उंदराघुशींवर जगतो. माणूस बसला की कपड्यात शिरतो, आवळलेल्या जागी चावतो आणि गळून पडतो. अंगात घर करत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

"मग रोज नवीन कुठून येतात?"

"त्या दिवशीचे कपडे गरम पाण्यात धुतलेत?"

घरी हिरवं लुगडं दोरीवर लोंबत होतं, आणि रोज सकाळी न्हाऊन, स्वच्छ होऊन, मी ते किडे पुन्हा अंगाला गुंडाळून घेत होते. वर त्याला कुणी शिवायचं नाही.

तिने कागदावर लिहिलं आणि समजावून सांगितलं. गवतातून आलं की लगेच साबण लावून अंघोळ. कपडे उकळत्या पाण्यात. नखं कापायची. पुळ्यांवर गुलाबी लोशन, आणि खाजेची गोळी झोपताना. लेप नाही, रॉकेल नाही, चुना नाही. "आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, किंवा एखाद्या चाव्यावर काळी खपली धरली, तर त्याच दिवशी यायचं. या किड्याचा एक ताप असतो, तो अंगावर काढायचा नाही."

"हे दुसऱ्याला लागत नाही, एवढं वेगळं लिहून द्या. मी बाळांचं काम करते."

तिने लिहून दिलं, शिक्का मारला.

घरी आल्या आल्या मोठं पातेलं शेगडीवर चढवलं आणि लुगडं दोरीवरून ओढून त्यात कोंबलं. विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं. कोंबलं तरी. मग आठवलं, अण्णाही त्या दगडावर पंचा नेसून बसले होते. पंचा त्यांच्या ट्रंकेत असतो. अण्णा खाली मंडळाच्या मांडवात खुर्चीवर बसले होते, स्वप्नील ऑफिसात. मी ट्रंक उघडली, पंचा उचलला तर जड लागला. आत बाटली गुंडाळलेली होती. गुलाबी लोशन. नाव वाचलं, कागदावरचं नाव वाचलं. तेच. अर्धी संपलेली. ट्रंकेच्या तळाशी चाचपलं तर आणखी दोन, रिकाम्या, जुन्या, आत लोशन वाळून पापुद्रे धरलेलं.

गुलाल नव्हता तो. चौदा वर्षं मी गुलाल म्हणून घासत होते तो.

अण्णा जेवायला वर आले तेव्हा तिन्ही बाटल्या मी पाटावर मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी बघितल्या आणि दाराची चौकट धरली.

"केव्हापासून आहे हे?" मी विचारलं.

"गिरणीतलो डॉक्टर देय होतो. तवापासून."

"म्हणजे ते गवत चावतं, हे तुम्हाला माहीत होतं."

"दरवर्षी चावता. आठ दिवसांत जाता." त्यांचा हात नकळत कमरेकडे गेला आणि मधेच थांबला. यंदाही चावलं होतं तर. रात्री अंधारात लावत असतील, आणि मी पलीकडे चटईवर स्वतःला ओरबाडत होते.

"मला खरूज म्हटलं लोकांनी. माझं काम गेलं. माझा पेला तुम्ही स्वतःच्या हाताने खिडकीत ठेवलात. एक शब्द बोलला असतात तर?"

अण्णांनी एक बाटली उचलून परत ठेवली. मग म्हणाले, "माज्या गिरणीची जागा ती. तिका कोणी घाण म्हटलेला माका सोसला नसता."

"आणि मला म्हटलेलं सोसलं."

शेगडीवर पातेलं उकळत होतं. त्यांनी आत डोकावून हिरवं लुगडं बघितलं आणि ते खाली बसले. मी पंचाही त्यात टाकला.

"विसर्जन झालं की माझ्याबरोबर दादरला यायचं," मी म्हटलं. "तिथे बोलायचं."

आले. गुडघ्याला पट्टा बांधून, इस्त्रीचा सदरा घालून आले. मृणालिनी मॅडमनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. आम्ही चपलांच्या कपाटापाशी उभे राहिलो. त्यांनी कागद वाचला, मोबाईलवर काहीतरी शोधून तेही वाचलं. आत नील कुरकुरत होता. माझा आवाज ऐकून असेल, एकदम गप्प झाला.

"खरंच लागत नाही दुसऱ्याला?"

"शिक्का आहे बघा, मॅडम."

"पायांवरच्या गेल्या का?"

मी साडी वर घेणार, तोच अण्णा मधे आले. "तिका नको. माका बघा." आणि त्या माणसाने, जो घरात सुनेसमोर कधी गंजीफ्रॉकवर बसला नाही, परक्या बाईसमोर सदरा वर केला. सुरकुतलेलं पोट, नाडीच्या वर लाल पुळ्यांची ओळ, त्यावर लोशनचे गुलाबी पोपडे. "माजा तिका नाय, तिचा माका नाय. दोघांकाय गवतातला लागला. माका ठावक होता. मी सांगूक नाय. चूक माजी."

मॅडमनी तोंड फिरवलं. "बस, बस काका. प्लीज."

अण्णांनी सदरा खाली केला. 

"अंबिकाताई," मॅडम म्हणाल्या, आवाज खरंच मऊ होता, "कागद खरा असणार. मला पटतंय. पण नीलला तुमच्या पायांवर बघितलं की मला तेच आठवणार. मनातून जात नाही हो. मी काय करू?" मग थोड्या वेळाने, "दुसरी बाई बघितलीय मी. सोमवारपासून येतेय."

नील परत रडायला लागला. त्या आत गेल्या. दार आम्हीच ओढून घेतलं.

जिन्यात अण्णा एका एका पायरीला थांबत होते. मी त्यांना हात दिला नाही. कागद चुरगळला होता तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, पुढच्या घरी लागेल म्हणून. पुढचं घर असलं तर. हिंदमाताला सिग्नलशी ते म्हणाले, "पुढल्या वर्सा दूर्वा बाजारातसून हाड."

बाजारातून आण, म्हणे. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

घरी येऊन मी साबणाने अंघोळ केली, लोशन लावलं. दोन दिवसांत नवीन पुळी आलेली नव्हती. खाज उतरत होती, रक्ताच्या खपल्या धरत होत्या, त्यातली काळी एकही नव्हती. तापही नव्हता. मग चहा टाकला. खिडकीतला माझा पेला चिंचेने घासला, नाव स्वच्छ दिसेपर्यंत, आणि फळीवर त्याच्या जागी ठेवला.

मग अण्णांचा पितळी पेला फळीवरून उचलला आणि खिडकीत, फडक्याशेजारी उपडा घातला.

लागत नाही, हे मला माहीत होतं. डॉक्टरने शिक्का मारून दिलं होतं. मृणालिनी मॅडमलाही माहीत होतं. अण्णांनी पेला शोधायला फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. उठले, गुडघा धरत खिडकीपाशी गेले, पेला उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. मी वरूनच चहा ओतला.